लांब पल्ल्याचे वाहनचालक आणि त्यांची प्रकृती

(न्यासाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त इचोडा येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



विश्वस्त मंडळींनी आम्हांस आज बोलावयास सांगितले, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही दिली. अशा मंगल प्रसंगी शिक्षण, संस्कार, समाजाची एकी यांवर बोलण्याचा प्रघात आहे आणि त्या विषयांवर आमच्यापेक्षा अधिकारी वक्ते येथे आहेतच. आमचे आयुष्य मात्र रस्त्यावर गेले. प्रथम गाडी धुण्याचे काम, मग क्लीनरकी, मग बरीच वर्षे ड्रायव्हरकी आणि आता दोन गाड्यांचा हिशेब, अशा पायऱ्या चढत आम्ही येथवर आलो. तेव्हा ज्या धंद्याचे मीठ खाल्ले, त्या धंद्यातल्या माणसांच्या प्रकृतीविषयी चार शब्द बोलावे असे ठरविले. विषय साधा आहे. परंतु या सभेत असे घर क्वचितच असेल की ज्या घरचा मुलगा, जावई, भाऊ वा मेहुणा स्टिअरिंगवर बसलेला नाही.

आपला इचोडा हा रस्त्यावर वाढलेला गाव आहे. आदिलाबादच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर आपण वसलो आहो. ज्या रस्त्याला आपले वडीलधारे लोक सात नंबरचा रस्ता म्हणत, त्याला २०१० सालच्या नव्या क्रमवारीत ४४ हा आकडा मिळाला आणि तो आता श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जातो. उत्तरेस पैनगंगा ओलांडली की पाटणबोरी, पांढरकवडा, हिंगणघाट, नागपूर. दक्षिणेस नेरडीगोंडा, महबूब घाट, निर्मल आणि पुढे हैदराबाद. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा तिकडे गेले व आपण इकडे राहिलो. पण आपले सोयरसंबंध, आपली बोली आणि आपल्या गाड्या यांनी ती हद्द कधी मानली नाही. आपल्या काळ्या जमिनीतला कापूस जिनिंगमध्ये जातो, त्याच्या गाठी होतात, आणि त्या गाठी ताडपत्रीखाली बांधून आपली मुले कोइमतूरपर्यंत घेऊन जातात. गावच्या संसाराचा मोठा भाग असा चाकांवर चालतो.

आता पाहा, गाडी निघण्यापूर्वी आपण काय करतो? ऑइल पाहतो, रेडिएटरमध्ये पाणी पाहतो, टामीने टायर ठोकून हवेचा अंदाज घेतो, पाटे पाहतो, ब्रेक दाबून पाहतो. ठरलेल्या किलोमीटरांनी ऑइल बदलतो, ग्रीस भरतो. यात कुचराई करणाऱ्या ड्रायव्हरला कोणताही मालक दुसऱ्या खेपेला ठेवीत नाही. मात्र त्या गाडीत जो भाग सर्वांत महाग आणि बाजारात कोठेही न मिळणारा, त्याची तपासणी कोणी करीत नाही. तो भाग म्हणजे स्वतः चालक. इंजिन बसले तर बोअर करून पुन्हा चालू करता येते. माणूस बसला की घर बसते.

आमच्या म्हणण्याचे सार प्रथमच सांगून ठेवतो. लोकांस वाटते की ट्रक चालविणे हे अंगमेहनतीचे काम, मग त्याला वेगळ्या व्यायामाची काय गरज? ही समजूत पूर्वी काही अंशी खरी होती. आज ती खरी नाही. पूर्वीचे स्टिअरिंग फिरविताना दंड भरून येत, वाटेत दोनदा चाक बदलावे लागे, माल चढविण्या-उतरविण्यास हात लावावा लागे, आणि नाक्यानाक्यावर कागद घेऊन धावावे लागे. आज स्टिअरिंग बोटाने फिरते, रस्ता चौपदरी झाला, टायर टिकाऊ झाले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे नाके उठले. या सर्व गोष्टी चांगल्याच झाल्या, त्यांविषयी आमची तक्रार नाही. परंतु त्या नाक्यांवर नाइलाजाने का होईना, चालक खाली उतरत असे, चालत असे, पाय मोकळे करीत असे. आता तो चढतो ते चारशे किलोमीटरनेच उतरतो. गाडी फिरते आणि माणूस मात्र जागचा हालत नाही.

आपल्याकडे एक जुना प्रश्न लहान मुलांना घालतात: भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले? तिन्हींचे उत्तर एकच, न फिरविल्यामुळे. या तिघांच्या पंक्तीत आता ट्रकचालकाचे शरीरही बसवावे लागेल.

हे केवळ आमचे म्हणणे नव्हे. लंडन शहरात दुमजली बसगाड्या चालतात. तेथे जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३१ हजार वाहतूक कामगारांची पाहणी करून १९५३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच बसवर दोन माणसे: ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटे देत दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढउतार करणारा. धंदा एक, वेळ एक, शहर एक. तरीसुद्धा हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांमध्ये जास्त, कंडक्टरांमध्ये कमी, आणि कंडक्टरला तो विकार जडलाच तर त्यातून वाचण्याचा संभवही अधिक, असे दिसले. १९५६ साली याच मंडळींनी गणवेशाची मापे पाहिली, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारी कमरेत मोठ्या निघाल्या आणि हा फरक तरुण वयोगटातही आढळला. म्हणजे सारा दोष एकट्या बैठकीचा नव्हे, प्रकृतीची मूळची ठेवणही असते, हे त्या विद्वानांनी मोकळेपणाने मान्य केले. परंतु बैठे काम हृदयास मानवत नाही, ही गोष्ट त्यानंतरच्या सत्तर वर्षांत पुनःपुन्हा सिद्ध झाली आहे. स्वतः मॉरिससाहेब नियमाने व्यायाम करीत आणि नव्याण्णव वर्षे जगले.

बसण्याचे आणखीही परिणाम आहेत. सीटचे हादरे तासन् तास कण्यात जातात आणि मणक्यांमधल्या गाद्या दबतात. पाय लोंबते राहिल्याने पोटऱ्यांत रक्त साचते. सलग चार तासांहून अधिक बसणाऱ्याच्या पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. पोट सुटते, आणि कंबर नव्वद सेंटिमीटरच्या पुढे गेली की आपल्या देशातील पुरुषांना मधुमेह व रक्तदाब गाठण्याची शक्यता वाढते, असे वैद्यकशास्त्र सांगते. चालकाने एक दोरी नव्वद सेंटिमीटरची कापून केबिनमध्ये ठेवावी. महिन्यातून एकदा ती बेंबीच्या पातळीवर गुंडाळून पाहावी. टोके जुळत नसली तर काय समजावयाचे ते कोणाला सांगावयास नको.

आता उपाय. चालकाला आखाड्यात जावयास सवड नाही हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून आखाडाच गाडीभोवती मांडला पाहिजे. दहा चाकी ट्रकभोवती एक फेरी म्हणजे सुमारे पंचवीस मीटर. डिझेल भरताना, चहाला थांबताना, टायर पाहण्याच्या निमित्ताने वीस फेऱ्या घातल्या म्हणजे अर्धा किलोमीटर झाला. दिवसातून चार थांबे घेतले की दोन किलोमीटर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याकाठी किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. आठवड्यातील पाच-सहा दिवस असे भराभर चालले की ती रोजच्या पंचवीस-तीस मिनिटांत बसते. याशिवाय फाळका धरून पंचवीस वेळा टाचा उचलाव्या, पंधरा बैठका काढाव्या, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा हळूहळू मागे वाकावे. मान डावी-उजवीकडे वळवावी, परंतु झटका देऊ नये. याला साहित्य नको, पैसा नको, गुरूही नको.

ज्यांना जागा व वेळ मिळेल त्यांनी सूर्यनमस्कार घालावे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या व्यायामाचा जन्मभर प्रचार केला, आणि त्याचे मर्म असे की सतरंजीएवढ्या जागेत सर्व सांध्यांना चालना मिळते. आपल्या शेजारच्या अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ही परंपरा आपली आहे, घरची आहे. ताडपत्री अंथरून सकाळी बारा नमस्कार घालणाऱ्या चालकाला कोणी हसले तर हसू द्यावे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. केबिनमधून उडी मारून उतरू नये; तोंड गाडीकडे करून, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात नेहमी टेकलेला ठेवून उतरावे. गुडघे आणि घोटे दिवसातून दहा वेळा अशा उड्या फार वर्षे सोसत नाहीत. दुसरी गोष्ट, तीन-चार तास बसल्यावर उतरल्याबरोबर स्टेपनी किंवा ताडपत्री उचलावयास जाऊ नये. दबलेला कणा सरळ व्हावयास पाच-दहा मिनिटे द्यावी, आधी चालावे, मग ओझ्याला हात घालावा. कंबर धरली म्हणून महिनाभर घरी पडलेले चालक पुष्कळ पाहण्यात येतात. विचारले तर बहुतेकांची कंबर गाडी चालविताना गेलेली नसते, उतरल्यानंतरच्या पहिल्या ओझ्याने गेलेली असते.

आता जेवणाकडे वळू. ढाब्याला आम्ही नावे ठेवणार नाही. रात्री दोन वाजता गरम अन्न देणारा तो अन्नदाताच आहे. पण ढाब्याच्या भाजीवर तरंगणारे तेल आणि मैद्याची रोटी ही बसून काम करणाऱ्याची खुराक नव्हे. आपल्या भागात ज्वारी पिकते, तूर पिकते, हरभरा पिकतो, अंबाडी परसात वाढते. ज्वारीची भाकर दोन दिवस टिकते आणि तिने भूक बराच वेळ धरते. घरून निघताना चार भाकरी, कोरडे पिठले, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि काकडी एवढी शिदोरी बांधली तर पहिला दिवस निभावतो. ढाब्यावर वरण-भात, पालेभाजी, दही मागावे, मिळते. जेवण झाल्याबरोबर निघू नये आणि भरपेट तर मुळीच जेवू नये. दुपारी दोन-चारच्या सुमारास सुस्ती येते, तिला अधिक खाऊन आमंत्रण देण्यात शहाणपण नाही.

चहाचा हिशेब फारसे कोणी मांडीत नाही. एका कपात दोन चमचे साखर धरली तर दहा कपांत सुमारे शंभर ग्रॅम होते, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत राहावयास सांगते. चहा पिऊ नये असे नाही. चार कप प्यावे, साखर अर्धी करावी. तंबाखू आणि गुटख्याविषयी काय बोलावे? झोप घालविण्यासाठी म्हणून पुडी तोंडात जाते, झोप तर जात नाही, तोंड मात्र उघडेनासे होते. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांनी न पाहावे हेच बरे.

पाणी पिण्यास चालक टाळाटाळ करतो, कारण वारंवार उतरावे लागते. लघवी तुंबवून ठेवण्याची सवय तर या धंद्यात सर्वत्र आहे. त्यातून मूतखडा होतो, मूत्रमार्गाचे विकार होतात. शिवाय आपला आदिलाबाद जिल्हा वैशाखात भट्टीसारखा तापतो आणि केबिनमध्ये इंजिनाची धग वेगळी. दोन तासांनी उतरावे, लघवीस जावे, पाणी प्यावे आणि फेऱ्या घालाव्या. एकाच थांब्यात तिन्ही कामे होतात. उन्हाने जीव कासावीस झाला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो तिच्याकडे येतो. ती गोष्ट झोप. व्यायाम चुकला तर दहा वर्षांनी फळ मिळते. झोप चुकली तर त्याच रात्री. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला म्हणजे पन्नास मीटर गाडी कोणीही चालवीत नव्हते. महबूब घाटाच्या वळणावर पन्नास मीटर म्हणजे काय, ते येथे बसलेल्या चालकांना विचारा.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतरा तास सलग जागा असलेला माणूस, दारूचे प्रमाण रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम असलेल्या माणसाइतकाच मंद होतो, असे त्यांना आढळले. आणि चोवीस तास जागा राहिला तर त्याच्या सुमारे दुपटीने प्यालेल्या माणसासारखा. आपल्या देशाच्या कायद्यात वाहनचालकास तीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. जो निर्व्यसनी चालक पहाटे पाचला उठून रात्री बारा वाजताही स्टिअरिंगवर आहे, त्याने थेंबसुद्धा घेतलेला नाही. पण त्याच्या हातापायांचे चलन मर्यादेबाहेर प्यालेल्या माणसाचे आहे. दारू प्यालेल्याला आपण गाडीवरून उतरवितो, आणि या दुसऱ्याची मात्र पाठ थोपटतो!

रात्री दोन ते पहाटे पाच हा काळ सर्वांत वाईट. त्या वेळी शरीर झोपेच्या तळाशी असते, मग माणूस कितीही सरावाचा असो. खिडकी उघडणे, गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, मिरची चघळणे हे सर्व उपाय पाच-दहा मिनिटांचे. झोपेवर औषध एकच, झोप. जांभया येऊ लागल्या, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी पांढऱ्या रेघेकडे सरकू लागली, की समजावे गाडी बाजूला घेण्याची वेळ झाली. ढाब्याच्या आवारात किंवा पंपावर गाडी लावून वीस मिनिटे झोपावे, उठल्यावर पाच-दहा मिनिटे चालावे आणि मगच चाक धरावे. रस्त्याच्या कडेला, दिवे न लावता गाडी उभी करू नये. मागून येणाऱ्याचाही डोळा लागलेला असू शकतो. जागे राहण्याच्या गोळ्यांना तर स्पर्शही करू नये. आणि साध्या सर्दी-खोकल्याच्या औषधांनीही गुंगी येते, म्हणून दुकानदाराला विचारून घ्यावे.

येथे माता-भगिनींना एक विनंती आहे. घरी आलेला माणूस जोराने घोरतो, घोरता घोरता त्याचा श्वास काही क्षण थांबतो आणि मग तो दचकून श्वास घेतो, असे दिसले तर ते गाढ झोपेचे लक्षण समजू नका. तो एक विकार आहे. त्यात माणूस आठ तास अंथरुणावर असूनही झोपलेला नसतो आणि दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर पेंगतो. त्याला स्वतःला हे कळत नाही. कळते ते शेजारी झोपलेल्याला. डॉक्टरांना सांगितले तर तपासणी आणि इलाज दोन्ही आहेत. आणि तो दोन रात्रींनी घरी आला की वीजबिल, शाळेची फी आणि भावकीची भांडणे उंबऱ्यातच त्याच्यापुढे मांडू नका. आधी त्याला झोपू द्या. मुलांना घेऊन तासभर शेजारी जावे लागले तरी जा.

तपासण्यांविषयी थोडे. वाहतुकीच्या परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्या परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. सोय झाली खरी, पण पाच वर्षे माणसाची तपासणीच होऊ नये असा त्याचा अर्थ नव्हे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि डोळे तपासावे. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्यावर निघाला तर औषध सुरू करण्यात कमीपणा नाही आणि ते मनाने बंद करण्यात शौर्य नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेणाऱ्याने जेवण चुकवू नये; साखर एकदम उतरली की घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. खिशात गुळाचा खडा असावा, अशी लक्षणे दिसताच गाडी थांबवून तो खावा आणि बरे वाटल्यावर काही वेळाने निघावे. पुष्कळ चालक साखर निघाल्याचे मालकापासून लपवितात, कारण गाडी काढून घेतील अशी भीती असते. ही भीती घालविणे मालकांच्या हातात आहे, आणि म्हणून आता मालकबंधूंशी बोलतो.

मालकबंधूंनो, आम्हीही आपल्यातलेच आहो, तेव्हा स्पष्ट बोलण्याचा अधिकार घेतो. १९६१ साली संसदेने मोटार परिवहन कामगारांचा कायदा केला. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, लांब पल्ल्याच्या मार्गावर फार तर दहा आणि चोपन्न तास, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, असे त्यात ठरले. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यापुरता होता. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहू गाडीवरील प्रत्येक माणसास तेच तास लागू केले. पुढे २०२० सालच्या कामगार संहितेत १९६१ चा कायदा सामावून घेण्यात आला. कायद्यांची नावे बदलली, माणसाचे शरीर तेच राहिले. कागदावरचे तास केबिनमध्ये आपोआप चढत नाहीत. मालक चढवील तरच चढतील. आपण पगार खेपेवर देतो. जितक्या खेपा तितका पैसा, मग चालकाने झोपावे कधी? खेप लवकर आणणाऱ्यास आपण शंभर-दोनशे वर देतो. ती बक्षिसी आपण त्याच्या झोपेची किंमत म्हणून देत असतो, हे एकदा मनाशी कबूल करावे.

सरकारने २०२५ सालापासून नव्या मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलनाची सक्ती केली आहे. ही उत्तम गोष्ट झाली. परंतु गार केबिनमध्ये वीस तास बसणे हेही वीस तास बसणेच आहे. यंत्राने घाम थांबेल, थकवा थांबणार नाही.

शेवटी न्यासापुढे तीन सूचना ठेवतो. आपल्या न्यासाने पंचवीस वर्षे मुलांना वह्या दिल्या, लग्नाला भांडी दिली, अडल्या घराला हात दिला. वाहनचालक वारला तर त्याच्या घरी तांदूळ आणि रोख मदत नेऊन देण्यातही न्यास कधी मागे राहिला नाही. ती मदत चालू राहावी. पण ती लागू नये म्हणून खर्च करणे, हीही मदतच आहे.

पहिली सूचना: सभागृहात एक वजनकाटा, एक मापाची फीत आणि रक्तदाबाचे यंत्र ठेवावे, आणि महिन्यातून एक दिवस चालकांसाठी राखावा. प्रत्येकास एक छोटे कार्ड द्यावे. त्यावर वजन, कंबर, रक्तदाब आणि साखर लिहावी, जशी गाडीची सर्व्हिस-वही लिहितात. दुसरी सूचना: वर्षातून एकदा डोळे तपासून गरजूंना चष्मे द्यावे. तिसरी सूचना थोडी अवघड आहे. न्यासाने एक लहानसा निधी बाजूस काढावा. एखादा चालक प्रामाणिकपणे म्हणाला, "आज झोप झाली नाही, ही खेप मी घेत नाही," तर त्याच्या बुडालेल्या मजुरीपैकी अर्धी रक्कम मालकाने व अर्धी निधीने द्यावी. काही जण म्हणतील की याचा गैरफायदा घेतला जाईल. घेतला जाईलही कधी. पण दोन-चार खोट्या विश्रांतींचा खर्च एका खऱ्या अपघातापेक्षा फार स्वस्त आहे. या निधीस आरंभ म्हणून आमच्या दोन गाड्यांच्या प्रत्येकी एका खेपेचे भाडे आम्ही आजच विश्वस्तांकडे जमा करीत आहो.

तरुण चालकांना जाता जाता एवढेच सांगतो. आपल्या गावात बढाई मारली जाते की अमक्याने एका दमात नागपूर ते हैदराबाद गाडी नेली. यापुढे बढाई मारावयाची तर अशी मारा की अमक्याने तीस वर्षे गाडी चालविली, आणि आज साठाव्या वर्षी तो नातवाला खांद्यावर घेऊन जत्रेत हिंडतो. असे म्हातारे ड्रायव्हर आपल्या गावात आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत त्यांना बसावयास पहिल्या दोन रांगा अपुऱ्या पडाव्या, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो. बसून फार वेळ झाला आहे. सर्वांनी उठून जरा पाय मोकळे करावे.